पुसट

निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागं
डोळे तपासणीचं शिबिर.
मी कार्डं भरतोय. एक रकाना : कसं दिसतं?

गंगव्वा कमते म्हणाली, "मसुकु."
मी लिहिलं अंधुक. खोडलं.
अंधुक म्हणजे उजेड कमी,
इथं तर बाराचं ऊन.
धूसर? त्याला धूळ लागते,
ती वखारीत ठेवून आलीय,
थोडी पदरावर, थोडी खोकल्यात.

"मसुकु म्हंजे नेमकं कसं, मावशी?"
तिनं बोट केलं स्टँडच्या पाटीकडं :
नव्या निळ्या रंगाखाली
जुनं एक अक्षर, काना तेवढा शाबूत.
"तसं बघ."

मग पुसट.
ह्या शब्दात कुणाचा तरी हात असतो,
हातात ओलं फडकं.
रकाना अपुरा पडला,
ट बाहेर राहिला.

डॉक्टरांनी भिंग बदललं. आता?
ती पाटीच वाचायला लागली,
वरची सोडून खालची,
ओठ हलवत. कान्यापाशी अडली.

रांगेतला भरमा वैतागून म्हणाला,
"मला दोन्ही दिसत्यात की.
त्येच दाखवाय आलोय."