तेविसावी चौकट

आधी डोळे येत नाहीत.
लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या कागदावर
आधी येतं ते काळंच:
बुटांचे तळ, दाराची फट, गटाराची जाळी.
चेहरा सगळ्यात शेवटी, कसनुसा,
पाहुण्यांपुढे ढकललेल्या पोरासारखा.
हे मला मिंडलनं दाखवलं.
तोवर मी नुसती क्लबची किल्ली सांभाळायचो.

बटणांच्या कारखान्यावरचा तिसरा मजला.
सहा महिन्यांची वर्गणी तीन डॉलर,
तीही बहुतेकांची उधार.
नळाला कधी गंजाचं पाणी, कधी नुसता खोकला.
खाली यंत्रं दिवसभर शिंपल्यांना भोकं पाडायची,
वर आमच्या एन्लार्जरची मान डुगडुगायची,
म्हणून छापायचं ते रात्री,
कारखाना निजल्यावर.

गृहपाठ एकच: एक रस्ता, एक हिवाळा.
कुणी गोदी घेतली,
कुणी हार्लेममधलं न्हाव्याचं दुकान.
मिंडलनं पिट स्ट्रीट घेतला,
तिची आई जिथं लोणच्याची पिंपं घासायची.
दुसऱ्या मजल्यावरून रुझान्स्कीबाई ओरडल्या,
"काय गं, माझ्या फाटक्या चादरीचे
किती देतात तुला?"
पुढच्या शनिवारी मिंडल फोटो घेऊन जिना चढली.
बाईंनी तो खिडकीशी नेला, तिरका धरला.
"चादर एवढी मळकी नव्हती," म्हणाल्या,
आणि फुटक्या तावदानात खोचला.
वारा थांबला.
मिंडल त्या रात्री हसत हसत सांगत होती:
माझं पहिलं प्रदर्शन!

मग डिसेंबरात ती यादी आली.
वर्तमानपत्रात, टोप्यांच्या जाहिरातीला खेटून,
नव्वदेक संस्थांची नावं,
त्यांत आमचं.
देशाला धोका म्हणे.
आमच्याकडे होते चार ट्रे, एक घड्याळ,
आणि गळका नळ.

पहिल्या आठवड्यात सभा तुडुंब भरली.
भाषणं झाली. टाळ्या.
दुसऱ्या आठवड्यात एकाची बायको आजारी,
एकाला रात्रपाळी,
एकजण रस्त्यात भेटला तर
दुकानाच्या काचेतल्या बुटांकडे बघत राहिला.
मी त्याला नावं ठेवली.

मी टपालखात्यात होतो.
जानेवारीत आमच्या टेबलांवर फॉर्म आले.
तुम्ही खालीलपैकी कोणत्याही संस्थेचे
सभासद आहात का, होतात का.
डेव्हलपरनं तपकिरी झालेल्या नखांनी
मी पेन धरलं
आणि लिहिलं: नाही.
अक्षर माझं चांगलं आहे. साहेब म्हणालेही.

किल्ली मिंडलच्या हातात दिली.
तिनं विचारलं नाही.
तिनं विचारलं असतं तर काय सांगायचं
हे मी ट्रामभर घोकून गेलो होतो,
ते सगळं अजून तसंच आहे, न वापरलेलं.

ती क्लीव्हलंडला गेली असं कळलं,
बेबी पोर्ट्रेटच्या स्टुडिओत.
नंतर तेही कळेना.
पिट स्ट्रीटवरची ती घरं पाडली,
रुझान्स्कीबाई, चादर, तावदान, फोटोसकट.
माझ्याकडे उरली तिच्या एका रिळाची पट्टी,
कपड्यांच्या कपाटात, टायांच्या मागं.

तेविसावी चौकट:
खिडकीतून वाकलेल्या बाई, चादर झटकताना,
आणि खाली, फुटपाथवर,
फोटो काढणाऱ्याची सावली,
कोपरं पंखांसारखी फाकलेली, टोपी वाकडी.
शिकवणारा म्हणाला होता,
ही सावली काप, चूक आहे.
तिनं मान डोलावली होती,
कापली नव्हती.

काल मोरीत पट्टी लावून छापायला बसलो.
निवृत्त माणूस, कुणाला फॉर्म भरून द्यायचा नाही.
कागद फार जुना, पेटीवर किंमतही सेंटांत.
ट्रे हलवत राहिलो.
आधी काळं येतं.
आधी ती आली:
टोपी, मग कोपरं,
मग तिच्या पायांशी गटाराची जाळी.

वरची खिडकी करडीच राहिली.
बाईंचा चेहरा उमटेपर्यंत
थांबायचं ठरवलं होतं,
पण बाहेर नातू दार ठोठावत होता,
आजोबा, मला लागलीये.