तिसरी ओळ म्हणजे औषध

माझं मत विचारलंत तर सांगते, नाही विचारलंत तरी:
हातातलं यंत्र मिटता आलं पाहिजे.
टक्.
चष्म्याच्या घरासारखं.
हल्लीची ती ताटाएवढ्या पडद्यांची धरली
की पोळपाट घेऊन बसल्यासारखं वाटतं.

माझं निळं. उजव्या बिजागरीला चीर गेली,
तिथे दाताचं सिमेंट भरलंय मी,
दवाखान्यातलं, उरलेलं. पुरंदरे डॉक्टरांना माहीत नाही.
सहा वर्षं झाली, हललेलं नाही.
पेशंटच्या दाढांबद्दल असं छातीठोक सांगता यायचं नाही.

घेतलं लॅमिंग्टन रोडला, दोन हजार सहा साली,
मुर्तझाभाईंच्या दीड हात दुकानात, तीन पगार साठवून.
सोबत एक जुनं कार्ट्रिज,
कुणाच्या तरी बॅगेतून जपानहून आलेलं.
"भाषा जपानी आहे हां, वापस नाही घेणार."
नका घेऊ.

पहिली ओळ वार. दुसरी मंत्र.
तिसरी ओळ म्हणजे औषध. चौथी, पळ.
एवढ्या भाषेवर मी दोन खंड पार केले.
राजा काय म्हणाला, ठाऊक नाही.
विहिरीपाशी ती बाई का रडते, ठाऊक नाही.
मी दर वेळी थांबून तिच्याशी बोलायचे,
ती दर वेळी तेवढंच बोलायची.
आमच्या मजल्यावरच्या कर्णिकबाईंचंही तेच,
आणि त्यांची भाषा तर येते मला.

भाचा म्हणतो, मावशी, हे काय, शत्रू नुसता उभा!
अरे, तेच तर.
सात मजली राक्षस, तोंडातून जाळ,
आणि तो थांबतो.
मी चहा गाळून येईपर्यंत थांबतो.
चेंबूर नाक्यावर रिक्षा थांबत नाही,
थांबतो म्हणाला होता तो माणूस तर
साखरपुड्यापर्यंतही नाही.
आधी तू, मग मी.
भाचा याला स्लो म्हणतो.
मी सभ्यता म्हणते.

आणखी मतं आहेत.
दहा नाणी मोजून खाटेवर एक रात्र, की सगळ्या जखमा बऱ्या:
हे खोटं आहे, पण चांगल्या जातीचं.
कुणाच्याही घरात शिरा, मडकी फोडा, कुणी हूं की चूं करत नाही;
आमच्याकडे चपलांच्या रॅकवरून नोटीस येते.
पहिले आठ तास कंटाळवाणे हवेतच.
गाव आधी कंटाळवाणं नसेल
तर ते जळल्यावर काय जळलं ते कळत नाही.
आणि सगळ्यात दुर्मीळ औषध मी कधीच वापरत नाही.
शेवटचा राक्षस पडतो, पिशवीत अजून नव्व्याण्णव.
याबद्दल मात्र माझं मत नाही. विचारू नका.

कार्ट्रिजमध्ये आधीच एक खेळ साठवलेला होता.
कुणाचा तरी. एकशे चार तास.
नायकाचं नाव चार अक्षरी, चारही अक्षरं एकसारखी,
गाठ मारता मारता सोडून दिलेल्या दोऱ्यासारखी.
मी तो पुसला नाही.
तीन जागांपैकी दोनांतच भागवलं इतकी वर्षं.
वाटायचं, मंत्र असेल. नवस असेल.
गेलेल्या कुणाचं तरी नाव असेल.

परवा रूट कॅनलला एक मुलगी आली,
पवईला जपानी शिकवते.
भूल चढायला वेळ होता, दाखवलं.
अर्धा ओठ बधिर, तशीच वाकडी हसली.
"आ, आ, आ, आ. काही नाही हो,
नाव सुचलं नाही की तिकडची पोरं
पहिलंच अक्षर चारदा दाबतात."

एकशे चार तास.
समुद्र, बोगदे, जळकी गावं,
सगळं त्या आळशी आ-ने ओलांडलेलं.

डॉक्टर आत आले. मी दिवा वळवला
आणि अठरा वर्षं रोज म्हणते तेच म्हटलं,
आ करा.
हाक मारल्यासारखं झालं.
तिने केला.
मी सक्शन धरलं.