चौथा रकाना

हंगामात मी जिनिंगमध्ये रुईच्या गाठी मोजतो,
चैत्रात गिरणेच्या वाळूत अंडी.
वही एकच,
मागून उघडली की नदी लागते.

आम्ही चौघं. शाळेतून निवृत्त झालेल्या बोरोले मॅडम,
पंक्चरवाला सलदार तडवी,
दगाअण्णांचा नातू, ज्याच्याकडे सायकल आणि वेळ दोन्ही आहेत,
आणि मी.
भडगावहून पहाटे साडेचारला निघायचं.
कळण्याची भाकरी, ठेचा, एक दुर्बीण,
तिची डावी काच धुरकट.

सुरय घरटं बांधत नाही.
वाळूत छाती घासून वाटीएवढा खळगा करते,
त्यात वाळूच्याच रंगाची दोन-तीन अंडी
ठेवून देते उघड्यावर,
जणू या नदीत कुणी चोरी करतच नाही.

पहिल्या वर्षी आम्हीच घात केला.
प्रत्येक खळग्याशेजारी लाल झेंडी रोवली,
जुन्या लुगड्याच्या चिंध्या,
मॅडमनी रात्री बसून कापलेल्या.
कावळ्यांना वाचता येतं
हे चौथ्या दिवशी कळलं.
एकवीस झेंड्या, एकवीस रिकामे खळगे.
परतताना कुणी बोललं नाही.
त्या चिंध्या सलदारच्या दुकानात आहेत,
अजून तो त्यांना हात पुसतो.

आता पावलं मोजतो.
काळ्या खडकापासून उगवतीला बावन्न,
झाऊच्या झुडपापासून डावीकडे नऊ.

तहसीलला अर्ज दिला.
अंडी असेतो या बेटावरून वाळू उचलू नये,
धरणाचं आवर्तन सोडण्याआधी आठ दिवस सांगावं.
पोच मिळाली. गोल शिक्का,
शाई इतकी की तारीख बुडाली.

ट्रॅक्टर रात्री येतात, दिवे बंद करून.
एकदा आम्ही थांबून राहिलो.
चुडामण उतरला, माझ्या मावसबहिणीचा दीर.
"उनात का परत, पाखरेसना वकील?"
मॅडमनी त्याचं मनगट धरलं,
तिसरीत तो त्यांच्याच वर्गात होता,
आणि बॅटरीचा झोत खाली धरला.
तो वाकून बघत राहिला.
"हाऊ ते गोटा शे," म्हणाला.
गोटा हलला.
आतून चोच लागली होती.

दुसऱ्या पहाटे चाकाची खूण
त्या खळग्यापाशी येऊन वळलेली,
दुसऱ्याच्या बांधावरून औत वळवावं तशी.
बाकी वाळू त्याने नेलीच,
सात ब्रास, सलदारच्या अंदाजाने.
चुडामणला मी चांगला म्हणत नाही.
वळण तेवढं वहीत काढून ठेवलं,
मापासकट.

आवर्तन अकरा मेच्या रात्री आलं, न सांगता.
सकाळी बेट अर्धं, काळा खडक पाण्याखाली,
वर सुरया ओरडत फिरत होत्या,
आणि बावन्न पावलं टाकायला
जमीन नव्हती.
दगाअण्णांचा नातू तरी मोजत गेला,
गुडघाभर पाण्यात, सतरापर्यंत.

वहीत आधी तीन रकाने होते,
अंडी, पिल्लं, उडाली.
मॅडमनी पट्टीने चौथा आखला, माहीत नाही.
यंदा सगळ्यात मोठे आकडे त्यातच आहेत.

दुर्बीण जळगावला दुरुस्तीला टाकली आहे.
अर्ज पुन्हा लिहिला, दोन प्रतींत,
आणि तारीख या वेळी
आम्हीच घातली, शिक्क्यापासून लांब,
बॉलपेनने, दाबून.