चौऱ्याण्णव

कानाकच्या किनाऱ्यापासून हजार पावलं आत,
समुद्रावर उभे आहोत आम्ही.
ड्रिल फिरतं. बर्फाचा दांडा वर येतो, वाफाळतो.
मी लिहितो : चौऱ्याण्णव सेंटिमीटर.
क्षार, तापमान, बुडबुडे.
बुडबुडे मोजत बसू नकोस, म्हणते नावारानाक,
काढ ते.

त्याच दांड्याचा चुरा डबीत वितळवून
तिनं निळा कालवला.
ब्रश टेकतो न टेकतो तोच रंग गोठला,
कागदभर पिसं उमटली,
कुणीच न काढलेली.

उस्सार्काकआजोबांनी पहार आपटली. ऐकत राहिले.
"पलीकडे स्लेज नेऊ नका.
पोकळ बोलतोय."
पोकळ.
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता,
समासात लिहिलं, तिरपं.

रात्री, म्हणजे घड्याळातल्या रात्री,
ऊन तसंच खिडकीत,
शाळेतल्या हीटरपाशी चित्र सुटायला लागलं.
आधी टोकं, मग दांड्या,
मग निळं पाणी टेबलावरून ओघळत
थेट माझ्या वहीत,
चौऱ्याण्णववर.

मला वाटलं, ती रडेल.
तिनं मनगट वळवून घड्याळ पाहिलं.
"लिही," म्हणाली,
"सात मिनिटं."