सोबत पत्नी

अर्ज मी घरूनच लिहून नेला होता.
विषय : आईचे जुने वैद्यकीय कागद मिळणेबाबत.
अर्जात आई, घरात अम्मा.
'मिळणेबाबत' शाळेत शिकवलं होतं,
ते तीस वर्षांनी कामाला आलं.

साखर पेठेतला तोच दवाखाना,
तोच हिरवा पडदा, खालून पिवळा पडलेला.
बाकावर चौघी, पदराखाली रिकामी सुपं,
तंबाखूचा वास त्यांच्या आधी आत येऊन बसलेला.
मशाक कंपाउंडरनं अर्ज उलटा धरला, सुलटा धरला.
"ताई, इथं अर्ज कशाला? तोंडानं सांगायचं की."
मग चष्मा पुसून पूर्ण वाचला
आणि कुठं ठेवावा ते न सुचून
वजनकाट्याखाली ठेवला.

मोठ्या हॉस्पिटलातल्या मुलीनं
कॉम्प्युटरवरून मान न वळवता विचारलं होतं,
खोकला कधीपासून? आधीचे रिपोर्ट? फॅमिली डॉक्टरांचं पत्र?
"गड्ड्याच्या आधीपासून," अम्मा म्हणाली.
"कुठल्या गड्ड्याच्या?"
अम्मा नुसती हसली.

धोत्रीकर डॉक्टर आता सकाळी दोनच तास बसतात.
हात कापतो; नाडी धरली की थांबतो.
"येमुल ना? नरसय्या, टॉवेलच्या लूमवर होता तो."
बुटांच्या खोक्यात कार्डं,
अ आ इ ई नाही, बोळाबोळानं लावलेली.
आमच्या बोळाचं खोकं निघालं:
नायना, आजी, ताई, मी.
पुन्हा बघितलं.
नायना, आजी, ताई, मी.

"तिचं कार्ड नसेल," डॉक्टर म्हणाले.
"ती एकटी कधी आलीच नाही."

मग ते वाचत गेले, मी खुर्ची ओढून घेतली.
नायनाचं कार्ड, अठ्ठ्याऐंशीचा ऑगस्ट. ताप, अंगदुखी.
खाली मुंगीएवढ्या अक्षरात :
सोबत पत्नी. तिलाही खोकला.
माझ्या गोवराच्या कार्डावर, कडेला आडवं :
आईस सिरप दिले. पैसे नंतर.
आजीच्या कार्डाच्या पाठीमागं :
सून. वजन अडतीस. बिड्या कमी करा म्हटले. हसली.

हसली.
रोगाच्या रकान्यात लिहिलेलं.

"हे बघ, पंच्याण्णव. सिव्हिलला एक्स-रे काढायला पाठवलं होतं मी.
काढला का? कुठंय?"
काढला होता, डॉक्टर.
त्या वर्षी ग्रहण होतं,
बोळातली सगळी पोरं गच्चीवर, काळी काच एकालाही मिळाली नव्हती.
मी तो कपाटावरून काढून नेला.
अम्माच्या बरगड्यांमधून
आम्ही आळीपाळीनं सूर्य बघितला.
नंतर तो कुठं गेला माहीत नाही.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
म्हटलं, हरवला.

पत्र लिहायला त्यांना तीन कागद लागले.
दोन चुरगाळले, एकावर शाई सांडली नाही म्हणून राहिला.
This is to certify पर्यंत हात सरळ चालला,
मग थांबला.
"नाव काय तिचं?"
बाहेर कुणीतरी खोकत होतं, ते संपेपर्यंत
आम्ही दोघं टेबलावरच्या काचेकडं बघत राहिलो.
"राजव्वा."
त्यांनी लिहिलं. मग दोनदा गिरवलं.

झेरॉक्सवाला म्हणाला,
"कार्ड मोठं आहे, समास कापला जातोय.
मधलं सगळं नीट येतंय बघा."
मी म्हटलं, मधलं नाही आलं तरी चालेल.
समास पाहिजे.
त्यानं कार्ड तिरकं ठेवलं, झाकण हातानं दाबून धरलं,
दोन कॉप्या वाया गेल्या, त्याचेही पैसे लावले.
अकरा कागद. बावीस रुपये.