तिवईचं डोकं

दुकान नव्हतंच ते. पुंता अरेनासच्या बंदरामागे
लाल रंगाचे पोपडे निघालेली पत्र्याची शेड.
आत झ्वोनिमीर, वय वर्षं एक्याऐंशी,
होकायंत्रं, मोजणीदारांच्या दुर्बिणी, शिलाई मशिनी,
जे येईल ते उघडून पुन्हा मिटवून देणारे.

कॅमेरा मी पाठीवर आणला होता.
आठ बाय दहाचा, चेरीच्या लाकडाचा, भाता घडी केलेला.
"सहा किलो," मी सांगितलं.
भिंगासकट सहा किलो नऊशे. वरचे नऊशे
विमानतळावर चोरतात तसे चोरले.
"तिवई आहे. डोकं हवंय."
"ते सगळ्यांनाच हवं असतं," म्हणाले,
आणि फळीखालून तीन डोकी काढून पुसायला घेतली.

पहिलं गोळ्याचं. काळंभोर, गुळगुळीत,
एक खटका सैल केला की म्हणाल तिकडे वळणारं.
कॅमेरा चढवला, खटका जीव खाऊन आवळला,
तरी भिंगाकडची बाजू झुकलीच, हळूच,
जेवणानंतर मान पडते तशी.
काचेवरचं उलटं क्षितिज बोटभर खाली सरकलं.
"याला लहान कॅमेरा द्या. हे होयबा आहे."

दुसरं दातेरी चाकांचं.
केसभर फिरवा, केसभरच हलेल.
मी त्याच्या तिन्ही मुठी फिरवत बसले, खुळ्यासारखी,
किंमत ऐकेपर्यंत.
दोन हिवाळ्यांचं घरभाडं.
"शिवाय तुमच्या वाऱ्यात वाळू असते.
दातांत वाळू गेली की जेवण संपलं."

तिसऱ्याकडे मी बघत नव्हते.
ओबडधोबड, वर तळहाताएवढा पाट,
दोन दांडे, त्यातला एक चक्क
कुठल्या तरी दाराच्या कडीचा.

मग त्यांनी पाण्याचा वाडगा आणला.
एकेक डोकं तिवईवर बसवायचं, वर वाडगा,
पायाला बोटाच्या पेराने एक टिचकी,
आणि पाणी निवेपर्यंत मोठ्याने मोजायचं.
गोळ्यावर नऊ. चाकांवर चार.
तिसऱ्यावर मोजत राहिले: अकरा, बारा, तेरा,
पाणी थरथरतच होतं.
मी म्हणणार होते, राहू द्या हे.
तेवढ्यात त्यांनी तिवईवरचा आपला उजवा हात उचलला,
कोटाच्या खिशात घातला.
"पुन्हा मारा टिचकी. तुम्ही मारा."
दोन म्हणायच्या आत
वाडग्यात छपराची फट दिसली, सरळ, न हलणारी.

"फोटो कशाचा?" त्यांनी विचारलं.
सामुद्रधुनीकडच्या उतारावरची बीचची झाडं,
जन्मभर एकाच बाजूने मार खाऊन पूर्वेला वाकलेली.
संध्याकाळचा अर्धा सेकंद,
वाऱ्याच्या दोन दमांच्या मधला.
"वाकलेल्यांसाठी न वाकणारं," एवढंच म्हणाले,
आणि पैसे न मोजता डब्यात टाकले.

झाडांना नऊ दिवस लागले.
दगडांची पिशवी तिवईला टांगून
काळ्या कापडात डोकं खुपसून उभी राहायचे.
बाहेरचं माझं डोकं फिरायचं, चिडायचं, घरी जाऊ म्हणायचं.
कडीवालं काही बोलायचं नाही.

दहाव्या दिवशी शेडमध्ये गेले, सांगायला नाही, मागायला:
तुमचा एक फोटो.
आत उजेड कमी, दोन पूर्ण सेकंद लागणार.
"हलायचं नाही ना?" ते हसले, मग हसू आवरलं,
दाराला पाठ टेकून उभे राहिले.

निगेटिव्ह खिडकीशी धरलंय.
पत्र्यावरचे खिळे मोजता येतात,
चष्म्याच्या काडीला गुंडाळलेली तार,
भुवईतला एक लांब केस.
सगळं ठाम.
फक्त कोटाचा उजवा खिसा
जरासा धूसर आलाय.