खोली आहे हो

सिनेमाचं नाव आता आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही.
शेवटी हिरोनं कुणाला मारलं की त्यालाच कुणी मारलं
यावर वागळे इस्टेटच्या आमच्या शेडमध्ये दोन वर्षं वाद चालला,
कँटीन बंद पडलं तेव्हा मिटला.

आठवतो तो लॉजचा मॅनेजर.
एकूण तीन सीन, त्यातल्या तिसऱ्यात नुसता पाठमोरा.
खोलीची किल्ली देण्याआधी तो तिच्या नळीत फुंकर मारायचा,
जत्रेतली पिपाणी वाजते का बघावी तशी.
मग एक डोळा मिटून
किल्लीच्या कडीतून गिऱ्हाइकाला न्याहाळायचा
आणि म्हणायचा,
‘खोली आहे हो. तुमच्यात आहे का?’

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला
टूलरूमचा लीलाधर केणी
मला बारा नंबरचं ड्रिल देता देता थांबला.
फुंकर मारली.
ड्रिलला भोक नसतं, ड्रिल भोक पाडतं,
तरी त्यानं त्यातून मला पाहिलं.
त्या दिवशी माझे सहा जॉब बाद झाले.

मग साथच आली.
सिरिल परेरा रिंग पान्यातून बघू लागला,
वैतीची पोरं आईच्या बांगड्यांतून.
तलावपाळीवर वैतीणीनं भेळेचा कागद सुरळी करून
भेळवाल्याला विचारलं, तुमच्यात आहे का?
त्यानं चटणी जास्त घातली.
कर्णिक साहेबसुद्धा पगाराच्या पाकिटात फुंकर मारून आत बघायचे,
पण तो विनोद नव्हता.

हिरोचं कुणी काही उचललं नाही.
त्याच्यासारखं चालायचं तर छाती हवी,
शिवाय समोरून वारा सोडणारा एक माणूस.
मॅनेजरला काय, एक किल्ली.
आणि हिरो जे करतो ते कशासाठी तरी करतो,
बहिणीसाठी, जमिनीसाठी, सूड म्हणून.
हा फुंकतो तो उगाच.
अख्ख्या सिनेमात कुणी त्याला विचारत नाही, बाबा रे, का?
मला वाटायचं, थेटर रिकामं झाल्यावरही
तो आपल्या घराच्या कुलपासमोर उभा असेल
आणि बायको आतून म्हणत असेल,
झालं असेल फुंकून तर या.

मग माझा निरोप समारंभ. वेफर्स, पेढा, शाल.
केणी उठला. सगळ्यांना वाटलं, मॅनेजर करणार.
त्यानं टेबलाच्या अंगावर दोन थापा मारल्या,
बैलाला माराव्यात तशा हलक्या,
आणि डाव्या खांद्यावरून मागे बघितलं,
जणू तिथल्या कुणाची परवानगी घ्यायचीय.
शेड फुटली हसून.
मीही हसलो. शेजारच्याला विचारलं, हा कोण रे?
तो म्हणाला, तू.

एकतीस वर्षं लेथ सुरू करण्याआधी
मी हे करत होतो म्हणे.
घरी येऊन बायकोला विचारलं.
तिनं ओट्यावरून वळूनसुद्धा बघितलं नाही.
शेगडीला दोन थापा, डावा खांदा.
भाजी हलवत राहिली.
कधीपासून माहीत होतं?
लग्नाच्या आधीपासून, म्हणाली. बघायला आलात तेव्हा
आमच्या कपाटाला मारल्या होत्या.

त्या खांद्यामागे कोण उभं असतं
ते मला अजून कळलेलं नाही.

आता घोडबंदर रोडला एकविसावा मजला, मुलाचा.
दाराला किल्लीच नाही, बोट टेकवलं की उघडतं.
गेल्या रविवारी केणी आला, गुडघे धरत, लिफ्टला शिव्या देत.
दारापाशी मी बोट पुढे केलं तर म्हणाला, थांब.
माझंच बोट धरून त्यावर फुंकर मारली.
मग आपल्या अंगठ्याची आणि तर्जनीची कडी केली,
मोतीबिंदू काढलेला डोळा मिटला,
न काढलेल्यानं माझ्याकडे बघत राहिला.
काही बोलला नाही. दम लागला होता.

मी दाराला दोन थापा मारल्या.